नाकाचा फक्रू

कुणाचीही गाडी चालवायला घेतली की फक्रुद्दीन आधी स्टिअरिंगखाली वाकतो. तिथं, ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या जरा वर, गाडीला एक लपलेलं तोंड असतं. चपटं, दातेरी, मालकानं बहुधा कधी न पाहिलेलं. खिशातला काडेपेटीएवढा काळा स्कॅनर तो त्या तोंडात खुपसतो, चावी अर्धी फिरवतो आणि फोन डॅशबोर्डवर अडकवतो. थोडा वेळ काहीच होत नाही. तेवढा वेळ फक्रुद्दीन श्वास रोखून धरतो. मग फोनवरच्या ॲपमध्ये गोल तबकड्या उजळतात. इंजिनाचे फेरे, त्याच्यावरचा भार, बॅटरी, आणि मधोमध, सगळ्यांत मोठी, इंजिनातून फिरणाऱ्या पाण्याच्या तापमानाची. आत जागोजागी बसवलेल्या सेन्सरना जे कळतं ते इथं आकड्यांत दिसतं. आकडे दिसले की तो बिस्मिल्ला म्हणतो आणि गाडी चालू करतो.

"हे आणि काय लावलं म्हणायचं?" एखादं नवं गिऱ्हाईक विचारतं.

"ॲव्हरेज बघायला," फक्रुद्दीन सांगतो.

ते खोटं असतं. खरं घरात फक्त त्याच्या सुनेला, मुबशिराला, ठाऊक होतं. बायकोलासुद्धा नाही. खरं असं की फक्रुद्दीनला वास येत नाही. पेट्रोलचा नाही, जळक्या वायरचा नाही, पावसाचा नाही, स्वतःच्या घामाचा नाही. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो आजारी पडला, बरा झाला, ताप गेला, खोकला गेला, चव अर्धीमुर्धी परत आली. वास आला नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. तो रोज सकाळी उठून आधी लसणाची पाकळी नाकाशी धरायचा, मग लवंग, मग रॉकेलची बाटली. काही महिने असे गेले. मग त्यानं ते बंद केलं.

दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर त्यानं चारचौघांत सांगून हळहळ मिळवली असती. फक्रुद्दीनला ते शक्य नव्हतं. कारण उद्यमनगरात, जिथं त्यानं तीसेक वर्षं गॅरेज चालवलं, तिथं त्याचं नावच 'नाकाचा फक्रू' होतं.

ते नाव त्याला त्याच्या उस्तादानं दिलेलं. आकाराम मिस्त्री म्हणून तिथं एक जुना मेकॅनिक होता. त्याची शिकवण एकच: आधी वास, मग पाना. गाडी आत आली की बॉनेट उघडायचं, डोळे मिटायचे आणि वाकायचं. ऑइलची पट्टी काढून नाकाशी धरायची. तिला पेट्रोलचा वास असला तर इंजिन आतून खराब झालंय. जळलेल्या क्लचला केस जळल्यासारखा वास येतो. तापलेल्या वायरीला मासळीसारखा. आणि रेडिएटरचं हिरवं पाणी कुठं गळून तापत असलं तर काकवीसारखा, गोड. "डोळं फसत्यात, कान फसत्यात," आकाराम म्हणायचा, "नाक न्हाई फसत. ते आत शिरतंय की." आकारामच्या माघारी लोक गाडी घेऊन फक्रुद्दीनकडे यायचे आणि फक्रुद्दीन डोळे मिटून वाकला की गप्प उभे राहायचे, एखादा हकीम नाडी बघत असावा तसे.

आजारातून उठून तो गॅरेजला गेला त्या दिवशी एक व्हॅन आली होती. त्यानं पट्टी काढली, नाकाशी धरली, डोळे मिटले. आत काहीच नव्हतं. रिकाम्या घरात हाक मारावी तसं. मालक वाट बघत होता. "ऑइल बेस हाय," फक्रुद्दीन म्हणाला. ती व्हॅन पुढं कराडच्या अलीकडं बंद पडली, इंजिन खोलावं लागलं. मालकानं त्याला बोलसुद्धा लावला नाही. गाडीच जुनी, म्हणाला. पण फक्रुद्दीन त्या दिवसापासून कुठल्याही बॉनेटखाली वाकायचं टाळू लागला. गुडघे धरलेत, बसवत नाही, असं सांगून त्यानं गॅरेज बंद केलं आणि लोकांच्या गाड्यांवर ड्रायव्हर म्हणून जाऊ लागला. गाडी चालवायला नाक लागत नाही, असं त्यानं स्वतःला समजावलं होतं.

ते किती खोटं आहे हे त्याला एका दुपारी घरीच कळलं. चाँदबी शेजारी गेली होती. त्याला चहाची तलफ आली. तो स्वयंपाकघरात गेला, पातेलं ठेवलं, लायटर हातात घेतला. तेवढ्यात मागच्या दारातून मुबशिरा ओरडली, "अब्बा, हात रोको!" त्याचा हात हवेत तसाच राहिला. तिनं धावत येऊन शेगडीचं बटण बंद केलं. ते कधीपासून उघडं होतं कोण जाणे. तिनं खिडक्या उघडल्या, पदर नाकाला लावून त्याला दंडाला धरून अंगणात नेलं. तिचे डोळे चुरचुरत होते, तिला खोकला लागला होता. त्याला काहीच झालं नव्हतं. त्याच्यासाठी ते रोजचंच स्वयंपाकघर होतं.

मुबशिरानं हळू आवाजात विचारलं, "कधीपासून, अब्बा?"

लायटर अजून त्याच्या हातातच होता. तिनं तो काढून घेतला.

स्कॅनर तिनंच मागवला, ॲप तिनंच फोनवर घातलं. ती बँकेच्या कॉल सेंटरला होती, तिला अशा गोष्टी समजत. "तुम्हाला जे नाकानं कळायचं ते हे आकड्यानं सांगेल," ती म्हणाली. पाण्याचं तापमान नव्वदच्या आसपास असलं तर ठीक, शंभराच्या वर गेलं तर सावध, एकशे पाचला फोन किंचाळेल असं तिनं लावून दिलं. फक्रुद्दीनला तो आवाज ऐकवला तेव्हा तो दचकून मागं सरला. मग म्हणाला, "अजून मोठा कर."

तेव्हापासून तो आकड्यांवर जगत होता. रस्ता बघायचा, आकडा बघायचा. लोक मागं बसून लग्नाबिग्नाच्या गप्पा मारत, आणि त्याला वाटत राही की आपल्या पायाखाली, त्या पत्र्याआड, काहीतरी हळूहळू जळतंय, सगळ्यांना त्याचा वास येतोय आणि सगळे सभ्यपणानं गप्प आहेत. एक दिवस आपल्याला न आलेल्या वासानं कुणीतरी मरणार. ही त्याची खरी भीती होती. तिच्याखाली दुसरी, जरा लाजिरवाणी: आपल्याला वास येत नाही हे कळलं तर या गावात आपल्या हातात कुणी चावी देणार नाही.

म्हणून त्यानं एक युक्ती शिकून घेतली. कुणी वासाचं काही बोललं की लगेच, अजिबात न थांबता, दुजोरा द्यायचा. चाँदबी खिम्याचं झाकण काढून विचारायची, "वास कसा आलाय?" तो म्हणायचा, "फर्मास." गाडीत कुणी म्हणालं, मोगरा फुललाय वाटतं, तर, "व्हय की, फर्मास." उत्तराला उशीर झाला की माणूस पकडला जातो, हे त्याला कळलं होतं. आणि अंगाला वास येत असेल या धास्तीनं तो अत्तर लावायचा, जरा जास्तच. एकानं तोंडावर म्हटलंही होतं, "मामू, तुम्ही बसला की गाडीत उरुसाचा संदल निघाल्यागत वाटतंय." गिऱ्हाइकं हळूच काच खाली करत. तात्या मात्र कधी काही बोलत नसत. त्यामुळं त्याला तात्यांची गाडी सगळ्यांत बरी वाटायची.

तात्या म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक. ऐंशीच्या पुढचे, अंगानं वाळके, आवाजानं मात्र अजून वर्गावर असल्यासारखे. ताराबाई पार्कात मुलीजवळ राहायचे. मुलगी नंदिनी कॉलेजात शिकवायची; गाडी तिच्याच नावावर होती, पण घाटात चालवायला तिला भीती वाटे, शिवाय तिला गाडी लागायची. लांब जायचं असलं की फक्रुद्दीनला फोन यायचा.

त्या जानेवारीत रत्नागिरीला जायचं होतं. नंदिनीची मुलगी मैथिली तिथं दिलेली, तिला मुलगा झाला होता, त्याचं बारसं. पहाटे थंडी कडक होती. फक्रुद्दीननं बॉनेट उघडून पाण्याची पातळी डोळ्यानं बघितली, बरोबर होती. मग वाकून स्कॅनर लावला.

"लावलास काय रे तुझा तावीज?" तात्या पुढच्या सीटवर बसता बसता म्हणाले. पाय आखडतात म्हणून ते नेहमी पुढंच बसत, खिडकीवरचा पट्टा हातात धरून.

"लावला, तात्या."

"आता काय, यमसुद्धा परवानगी काढून येणार."

"तात्या, निघताना असलं काहीतरी बोलू नका हो," नंदिनी मागून म्हणाली.

पन्हाळ्याचा फाटा मागं पडला तसे तात्या शाल ओढून घेऊ लागले. गुडघे गार पडलेत, म्हणाले, हीटर लाव. त्या गाडीचा हीटर गेल्या कित्येक वर्षांत कुणी लावला नव्हता. कोल्हापुरात लागतो कुणाला? फक्रुद्दीननं बटण फिरवलं. आत काहीतरी खरखरलं, मग ऊब येऊ लागली. तात्यांनी समाधानानं पाय पसरले.

बांबवड्याच्या दोन्ही अंगांना ऊस होता. तुटलेला, उभा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत रचलेला. धुक्यातून गुऱ्हाळांचा धूर वर चढत होता.

"अहाहा," नंदिनी म्हणाली, "काय वास सुटलाय! काकवीचा. गुऱ्हाळ लागलंय वाटतं. आला का हो फक्रूभाई?"

"व्हय की, ताई. फर्मास."

"तात्या?"

"हो तर," तात्या लगेच म्हणाले. "फर्मास."

'काकवी' म्हणताच फक्रुद्दीनच्या मानेवर काटा आला. आकारामचा आवाज कानात वाजला. पण त्यानं बाहेर पाहिलं. धूर होता, काहिलीवर वाकलेली माणसं होती, चिपाडाचे ढीग होते. जानेवारीत या रस्त्याला काकवीचा वास येणार नाही तर कधी? त्यानं आकड्याकडं पाहिलं. एक्क्याण्णव. त्याचा जीव खाली बसला.

पुढं आकडा चढू लागला. चौऱ्याण्णव. सत्त्याण्णव. रस्त्याला चढ होता, थोडं वाढणारच. शंभर. फक्रुद्दीनच्या तळहाताला घाम फुटला. एकशे एकला त्यानं ठरवलं, मलकापुरात थांबायचं, बॉनेट उघडायचं, चहाचं निमित्त सांगायचं. मलकापूरची घरं दिसू लागली तशी त्यानं गाडी डावीला घ्यायला सुरुवातही केली.

आणि आकडा उतरला. अठ्ठ्याण्णव. ब्याण्णव. अठ्ठ्याऐंशी.

"थांबतोस का काय?" तात्या म्हणाले. "मुहूर्त काय चहासाठी थांबतोय होय?"

"न्हाई, तात्या. सहज," फक्रुद्दीन म्हणाला. त्याला रडू येईल इतकं हलकं वाटत होतं. पंचाऐंशी. अल्लाची मेहेरबानी. गाडी स्टँडापुढून सरळ निघून गेली.

मलकापूर सुटलं तसा ऊस संपला. दोन्ही बाजूंनी झाडी जवळ आली, धुकं दाट झालं. काच आतून धुरकटू लागली. आंबा घाटाकडं असं होतंच, फक्रुद्दीननं मनाशी म्हटलं आणि फडक्यानं काच पुसली. ती पुन्हा धुरकटली. पुन्हा पुसली. फडकं बोटांना जरा चिकट लागलं. आकडा अठ्ठ्याहत्तर होता. मग बाहत्तर. मघाशी उतरणाऱ्या आकड्यानं त्याला सुख दिलं होतं. आता तो आकडा खाली खाली जात होता आणि ते सुख कुठंतरी अडकलं. शेजारची, इंजिनावरच्या भाराची तबकडी लाल पट्ट्यापर्यंत गेली होती. गाडी चढ चढतेय. ओझं ओढतेय. मग पाणी गार कसं होतंय?

"फक्रूभाई, काच जरा खाली घेऊ का?" नंदिनी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "त्या वासानं आता मळमळायला लागलंय. मघाशी छान वाटत होता. डोक्यातच बसलाय."

"कसला वास, ताई?"

"तोच की. काकवीचा."

"आणि तो हीटर बंद केलास काय रे?" तात्या कुरकुरले. "गुडघ्यावर गार वारं येतंय."

हीटर बंद नव्हता. बटण होतं तिथंच होतं. फक्रुद्दीननं हात जाळीसमोर धरला. गार वारा, विहिरीच्या तोंडावर यावा तसा.

त्यानं बाहेर पाहिलं. झाडं. नुसती झाडं, त्यांच्यामधलं पांढरं धुकं, रस्त्याकडेचा ओला पाला. ऊस नव्हता. धूर नव्हता. गुऱ्हाळ मैलोन्‌मैल मागं राहिलं होतं. या जंगलात काकवी कुठून येणार?

तेव्हा त्याला सगळं एकदम दिसलं, आणि ते दिसणं अंगावर येणाऱ्या ट्रकसारखं होतं. पाणी गार होत नव्हतं. पाणी संपलं होतं. हीटर लावल्यापासून त्याच्या कुजक्या नळीतून ते आत गळत होतं, वाफ होऊन काचेवर बसत होतं, नंदिनीच्या नाकात शिरत होतं. सेन्सर कोरडा पडला होता. ज्या पाण्याची उष्णता मोजायची ते पाणीच नव्हतं, म्हणून बिचारा नुसत्या हवेची मोजत होता. त्याच्या भोवती इंजिन भट्टीसारखं तापलेलं, आणि आकडा म्हणत होता, एकोणसत्तर, सब खैरियत.

समोर आंबा गाव होतं, आणि त्याच्या पुढं घाटाची उतरण. तिथं इंजिन आवळून बंद पडलं असतं तर ब्रेक दगडासारखा कडक झाला असता, स्टिअरिंग फिरलं नसतं. मग उजवीकडं डोंगर, डावीकडं काही नाही.

त्यानं गाडी कडेला घेतली. घाई करायची नाही, असं हातांना बजावत घेतली. चाकं पालापाचोळ्यावर थांबली. चावी फिरवली.

इतकी शांतता पडली की इंजिनाच्या पत्र्याचं टिकटिकणं ऐकू येऊ लागलं.

चावी अर्धी तशीच होती, फोन अजून जागा होता. आकडा चढू लागला. ऐंशी. सत्त्याण्णव. थांबलेल्या इंजिनाची धग आता सेन्सरपर्यंत पोचत होती. एकशे पाचला फोन किंचाळला. त्या मोकळ्या जंगलात, उभ्या गाडीत, मुबशिरानं मोठा करून दिलेला तो आवाज किंचाळतच राहिला. नंदिनीनं कानावर हात ठेवले. फक्रुद्दीनला तो बंद करायचं सुचेना. शेवटी त्यानं चावी उपसून काढली.

"काय झालं?" तोंडाला रुमाल लावून गाडीतून उतरत नंदिनी विचारत होती. "फक्रूभाई, काय झालं?"

त्यानं सांगितलं. पाणी, हीटर, नळी. बॉनेट लगेच उघडू नका, भाजेल. आपण इथं थांबलो, आता काही भीती नाही. तो बोलत होता तोवर ठीक होतं.

"म्हणजे तो वास याचा होता?"

"व्हय."

"पण मग तुम्हाला कळलं कसं नाही? तुम्हाला तर..." ती थांबली. "मी तेव्हाच गाडी थांबवा म्हटलं असतं. मला वाटलं गुऱ्हाळाचा आहे. तुम्हीच म्हणालात, फर्मास."

सर्दी झालीय, असं उत्तर त्याच्याकडं तयार होतं. ते कायम तयार असायचं, खिशातल्या सुट्ट्या पैशांसारखं. तोंड उघडेपर्यंत तेच येणार होतं. पण नंदिनी अजून तोंडाला रुमाल लावून उभी होती, तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तिच्यामागं शंभर पावलांवर रस्ता धुक्यात वळून दिसेनासा होत होता.

"मला वास येत न्हाई, ताई," तो म्हणाला. "कोरोना झाल्यापासनं. कसलाच येत न्हाई. लपवलंतं मी."

तात्यांकडून काहीतरी पुटपुटल्यासारखं आलं. ते अजून पुढच्या सीटवरच बसले होते, दार उघडं, नजर खाली. त्यांच्या पायाखालची चटई ओली होती, मोजे घोट्यापर्यंत भिजलेले, जरा हिरवट. नंदिनी वाकली. "तात्या! अहो, पाय भिजलेत तुमचे. कधीपासून? बोलला का नाही?"

"मला वाटलं," तात्या म्हणाले आणि अडखळले. वर्गावरचा तो आवाज कुठल्या कुठं गेला होता. "मला वाटलं, माझंच काहीतरी झालंय."

नंदिनीनं मान दुसरीकडं वळवली. फक्रुद्दीननं मागून कोरडं फडकं आणलं, रस्त्यावर उकिडवं बसून तात्यांचे मोजे उतरवले आणि पाय पुसले. गुडघे दुखतात असं त्यानं जगाला सांगितलं होतं हे त्याला आठवलंही नाही.

मलकापुरातून गाडी ओढून न्यायला टेम्पो आला. बारसं फोनवर ऐकलं.

घरी येऊन त्यानं चाँदबीलाही सांगितलं. ती रागावली, मग रडली, मग म्हणाली, "आणि मी इतकी वर्षं विचारतेय, वास कसा आलाय!" त्यापुढचे दिवस फार वाईट गेले. फोन वाजत नव्हता. चौकात दोघं हसले तर त्याला वाटायचं, आपल्यावरच. स्कॅनर टेबलावर पडून होता. ज्या आकड्यांनी त्याला इतके दिवस तोलून धरलं ते किती शांतपणे खोटं बोलू शकतात हे त्यानं पाहिलं होतं. आता नाकही नव्हतं आणि आकडाही नव्हता.

मार्चात नंदिनीचा फोन आला. गाडी नीट झाली होती. तात्यांनी पणतवंडाला बघायचा धोशा लावला होता.

"मला बोलवताय, ताई?" फक्रुद्दीननं विचारलं. "सगळं माहीत असून?"

"तात्यांनीच सांगितलंय. म्हणाले, पुढं मीच बसतो की. डोळे त्याचे, नाक माझं."

निघताना तात्या भलतेच खुशीत होते. "तुझा तावीज आकड्याला, मी वासाला. बिनधास्त चालव."

नंदिनीनं या वेळी आधीच गाडी लागायची गोळी घेतली. मागच्या खेपेची मळमळ ती विसरली नव्हती. पन्हाळ्याच्या फाट्यापर्यंत ती मागच्या सीटवर कलंडून झोपून गेली.

फक्रुद्दीन दर थोड्या वेळानं विचारत होता. "तात्या, काय वास?"

"काही नाही. बेस."

बांबवड्याजवळ तात्यांनी स्वतःहून खिडकीकडं नाक नेलं, छाती भरून श्वास घेतला. "आला बघ," ते म्हणाले. "काकवी. फर्मास."

फक्रुद्दीननं बाहेर पाहिलं. तेच गुऱ्हाळ होतं. चिमणी थंड होती. हंगाम संपला होता. काहील उपडी घातलेली, तिच्यावर एक कुत्रं पाय पसरून झोपलेलं. शेतं मोकळी, उसाचे बुडखे काळे पडलेले. वासाला तिथं जागाच नव्हती.

'फर्मास.' जराही न थांबता, लगेच. तो शब्द त्यानं ओळखला. ती घाई त्यानं ओळखली. मग एकेक आठवत गेलं. अत्तराबद्दल तात्या कधीच बोलले नव्हते. मागच्या खेपेला गळती त्यांच्या पायावर होत होती, आणि वास आला होता तो मागं बसलेल्या नंदिनीला. म्हातारपणानं त्यांचं नाक केव्हा, किती हळूहळू नेलं असेल, की त्यांनाही नीट ठाऊक नसेल? की ठाऊक असेल, आणि पुढच्या सीटवरची ही एवढी जागा त्यांना जपायची असेल?

गाडीत तिघं होते. दोघांना वास येत नव्हता, आणि तिसरी झोपली होती. आकडा एकोणनव्वद होता. आकडा काहीही असू शकत होता.

मलकापुरात त्यानं गाडी थांबवली. तात्यांनी त्याच्याकडं पाहिलं. पट्ट्यावरची त्यांची मूठ आवळली गेली होती आणि डोळ्यांत एक भीती होती. ती फक्रुद्दीनला आरशात रोज दिसायची.

तो मागं वळला. "ताई," त्यानं हाक मारली. "ओ ताई. उठा जरा."

नंदिनीनं डोळे उघडले. "काय झालं? वास येतोय?"

"न्हाई. तसं काय न्हाई. तात्या हाईत की पुढं." तो क्षणभर थांबला. "पर माझं मन लई भित्रं झालंय. घाट संपेस्तवर तुम्हीबी जाग्या ऱ्हावा. एकाला दोन नाकं बरी."

नंदिनी डोळे चोळत उठून बसली. तिनं काच दोन बोटं खाली घेतली. तात्या समोर बघत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी पट्टा सोडला, हात मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "चल, फक्रू. सावकाश घे."

आंबा मागं पडलं. पहिलं वळण आलं, रस्ता खाली झुकला. फक्रुद्दीननं तबकडीकडं पाहिलं, मग हीटर क्षणभर लावून जाळीसमोर हात धरला, मग आरशात पाहिलं.

"ताई?"

"काही नाही."

दुसरं वळण.

"ताई?"

"काही नाही हो, फक्रूभाई," ती म्हणाली. "नुसतं जंगल."